न सांगितल्यास आधीसारखंच

टेबलावर संगणकाचे दोन पडदे होते, एक कळफलक, अर्धा कप गार चहा आणि एक न सोललेलं संत्रं. टेबलापलीकडे एक अनोळखी तरुण. त्याच्या हातात काचेची थाळी, थाळीत ओल्या कागदावर पंचवीस बिया.

"आमचा सगळा संसार 'दोन पूर्णांक चार' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडलाय," तो म्हणाला. "तुम्हीच हलवलात ना?"

मीच हलवला होता. इमारतीतल्या संगणकांवर लागणारी सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम आमची टीम सांभाळते. त्यातल्या एका फंक्शनला आधी पॅकेजचं नाव सांगायचं, मग आवृत्ती. मी या दोन्हींच्या मधोमध तिसरी गोष्ट घुसवली होती — कुठे बसवायचं ती जागा. क्रम दिसायला छान होता. पण तळमजल्यावरच्या बियाणे प्रयोगशाळेचा प्रोग्राम जुन्याच क्रमाने बोलत राहिला, आणि त्याने सांगितलेली आवृत्ती, 'दोन पूर्णांक चार', हीच जागा असं माझ्या फंक्शनने धरलं.

मी माफी मागितली. तो रागावला नव्हता, त्यामुळे मला जास्तच ओशाळं वाटलं. बियांना जरा उजेड हवा, असं म्हणून त्याने थाळी माझ्या खिडकीत ठेवली आणि खुर्ची ओढली.

आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी मला शांतपणे झापलं. लोक वर्षानुवर्षं ज्या पद्धतीने हाक मारतात, त्या हाकेला ओ द्यायलाच हवी. नव्याची हौस शेवटी भागवायची, मध्ये नाही. मग मी जागा सगळ्यात शेवटी नेली. ती सांगणं ऐच्छिक. नवी आवृत्ती शुक्रवारी बाहेर पडणार होती, आणि तोवर जुन्या चाचण्या खऱ्याखुऱ्या जुन्या प्रोग्रामवर चालवून बघायच्या होत्या. असा प्रोग्राम त्याच्याकडे होता. म्हणून तो रोज दुपारी वर यायचा.

चाचणी चालू असताना तो संत्रं सोलायचा आणि मोठी फोड माझ्याकडे सरकवायचा. बिया हलकेच हाताळायची सवय झालेली ती बोटं... मी पडद्याकडे बघतेय असं दाखवून ती बघायचे.

शुक्रवार आला. आज सगळं पास झालं की त्याला वर यायचं कारण उरणार नव्हतं, आणि माझ्या कामात चूक राहावी असंही मला वाटत नव्हतं. मी शेवटची फेरी सुरू केली.

"एक समजलं नाही," तो म्हणाला. "ती तिसरी गोष्ट सांगितलीच नाही तर?"

"तर आधीसारखंच. तुम्ही खाली, मी वर." मी जीभ चावली.

तो हसला नाही. "आणि आधीसारखं नको असेल तर?"

"तर... सांगावं लागतं. फंक्शनला मनातलं ओळखता येत नाही."

त्याने खिडकीतल्या थाळीकडे बोट केलं.

"खाली आमच्याकडे उगवणकक्ष आहे," तो म्हणाला. "तापमान, उजेड, सगळं ठरल्याप्रमाणे. बियांना तुमची खिडकी नको होती."

"माहीत आहे. या खिडकीत दिवसाला सहा अंशांचा फरक पडतो. मी पहिल्याच दिवशी मोजला."

"मग बोलला का नाहीत?"

"थाळी खाली गेली असती ना."

आता तो हसला, कानापर्यंत लाल होऊन. उद्या सुट्टी आहे, नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊ या का, असं त्याने विचारलं. या वेळी निमित्त म्हणून आणायला काही बिघडलेलं नाही, हेही सांगून टाकलं.

"ये तू," मी म्हणाले. "संत्री मी आणते."

मग माझ्याकडचा कळफलक ओढून त्याने स्वतः एक चाचणी लिहिली. नाव, आवृत्ती, आणि शेवटी जागा — 'खिडकी'.

तेवढ्यात बाईंनी दारातून डोकावून निकाल विचारला. मी पडद्यावरून वाचून दाखवला. जुन्या चाचण्या बेचाळीस, बेचाळीसही पास. नवी एक, पास.