ताई म्हणायची अडचण

"पहिलाच दिवस का?"

चपलांच्या फळीपाशी त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मला उभं राहायला शिकवू लागला. "गुडघे वाकवा. खांदे सैल... अहो, इतके नाही!"

मी निमूट ऐकून घेतलं. डावा गुडघा दुखावला आणि माझं कुंग फू सुटलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांनी वर्गात परतताना कुणी नवखी समजलं, ते बरंच वाटलं. शिवाय शिकवताना त्याच्या कपाळावर एक बट सारखी येत होती आणि तो ती फुंकरीने उडवत होता... असो.

तेवढ्यात बाई आल्या. आमच्या बाई सत्तरीच्या, कुंग फू शिकवतात, पण आवाज कधी चढत नाही. म्हणाल्या, "अरे, ही तुझ्या कितीतरी आधीची. इथे आधी आला तो थोरला. ताई म्हण तिला."

वर्गात खसखस पिकली. त्या दिवसापासून पिकल्या मिशांचे पोस्टमनकाकासुद्धा मला ताई म्हणू लागले. हा मात्र "अहो", "ऐका ना", नाहीतर नुसतंच खाकरणं.

डाव्या पायावर भार टाकायला मी भ्यायचे. बाई शेजारी येऊन उभ्या राहायच्या. "घाई कुणाला आहे? पाय आपणहून येईल."

पाण्याच्या नळापाशी तो विचारायचा, "आला का पाय?"

"वाटेत आहे."

"आम्ही थांबलोय."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

तो खाकरायचा. मला धाकधूक एकच — एखाद्या दिवशी हा ताई म्हणून मोकळा होईल, आणि सगळं तिथेच संपेल.

एका संध्याकाळी बाईंनी आमची जोडी लावली. मनगटाला मनगट टेकवून, डोळे मिटून समोरच्याचा कल ओळखायचा. पण आधी धाकट्याने मुठीवर तळवा धरून म्हणायचं, "ताई, शिकवा." त्याशिवाय सुरुवात नाही.

त्याने मुठीवर तळवा धरला. आणि नुसताच खाकरला.

"म्हण की."

"बाई, सगळ्यांना म्हणेन... ह्यांना नाही म्हणवत."

"उद्धटपणा?"

"नाही हो. अडचण आहे."

त्याचे कान लाल झाले. पोस्टमनकाका एकदम खिडकीबाहेर बघू लागले. बाई थांबल्या. थांबण्यात त्यांचा हात कोण धरणार!

शेवटी मीच म्हटलं, "बाई, मी मध्येच सोडून गेले होते. परत आले तो दिवस धरा. मी धाकटी."

"बरं. मग तू म्हण — दादा, शिकवा."

मी तोंड उघडलं. "दा..." आणि मिटलं.

"काय गं?"

"मलाही... तीच अडचण."

तो बट फुंकायची विसरला.

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "मग दोघंही नुसतं 'शिकवा' म्हणा. आणि ध्यानात ठेवा — रेटायचं नाही, सोडायचंही नाही."

मनगटं टेकली. डोळे मिटले. "शिकवा," दोघं एकदमच म्हणालो.

"पाय आला," तो पुटपुटला. मनगटावरूनच कळलं असावं त्याला. माझा सगळा भार डाव्या पायावर होता, आणि मला पत्ताच नव्हता.