आळणी भात

बिबवेवाडीतल्या वैष्णवीच्या सासरच्या चार मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि खापर फुटलं तिच्या डोक्यावर. लिफ्टवाला म्हणाला, उंदरानं वायर कुरतडली. पण उंदराला बोलावलं कुणी? ही सून आल्यापासूनच बोअर आटली होती, भाडेकरू पळाला होता आणि तिची कूसही अजून उजवली नव्हती.

"चेटूक हाय पोरीत," बाबुराव देवऋषी म्हणाले. उपाय साधा. अवसेला भर दुपारी तिनं उपाशीपोटी दहीभाताचा उतारा तिठ्यावर ठेवायचा. भात संपला तर चेटूक गेलं. राहिला तर संध्याकाळी तापलेल्या विळ्यानं कपाळावर डाग. कबूल करेपर्यंत.

हे कायद्यात बसत नाही, हे तिच्या नवऱ्याला, रणजितला पक्कं माहीत होतं. म्हणून त्यानं तिचा मोबाइल काढून घेतला.

अवसेच्या दुपारी वैष्णवी ताट घेऊन निघाली. दुकानांची शटर खाली होती. तापलेल्या डांबराचा वास नाकात भरत होता. तिठ्यावर तिनं ताट ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मागे न बघता वळली. कुठलासा कूलर घरघरत होता, तेवढ्यात तोही थांबला. एकदम सगळं गप्प...

"आळणी हाय गं..."

तिनं मागे बघितलं. बंद दुकानाच्या पायरीवर तिच्याच वयाची एक पोर बसली होती. अंगावर विटकं नऊवारी लुगडं. सावली नव्हती, पण भर बाराला वैष्णवीची तरी कुठे होती? पोरीच्या कपाळावर मात्र एकावर एक डाग होते, जुने, काळे.

"भुतांना... मीठ चालत नाही ना?" वैष्णवीनं विचारलं.

"कोन म्हनलं? आमास्नी इचारलं का कुनी? हितं रान हुतं तवापास्नं आळणीच खाती मी."

वैष्णवीनं उपास सोडायला वेफर्सचं पाकीट कमरेला खोचून आणलं होतं. तिनं ते फोडलं आणि भातावर चुरलं. पोरीनं पहिला घास घेतला. डोळे मिटले. मग ताट चाटूनपुसून लख्ख केलं.

"तुला काय कबूल करायला लावलं होतं?"

"म्या बी त्येच इचारलं. म्हनले, काय बी कर, पन कर."

"आणि मी... मी काय करू?"

"काय बी नगं. जा तू. मी हाय."

लग्न झाल्यापासून वैष्णवीला हे कुणी म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं. डोळे पुसेपर्यंत पायरी रिकामी होती. कूलर पुन्हा घरघरायला लागला.

घरी बाबुरावांनी लख्ख ताट बघितलं आणि मान डोलावली. "भुताचा उतारा रिकामा? म्हंजे हिनंच गिळला! चेटकीणच की!"

तिन्हीसांजेला दार लावलं. शेगडीत विळा लालबुंद झाला. सासू आनंदीबाईंनी सुनेचे खांदे दाबून धरले, तोंड फिरवून. विळा कपाळाला टेकला... आणि वैष्णवीला माठाचं पाणी लावल्यासारखं गार वाटलं. बाबुरावांनी खात्रीसाठी विळ्याला स्वतःचं बोट लावलं. ते चर्रकन भाजलं. माणूस अभ्यासू होता. पुन्हा तिच्या कपाळाला लावून बघितला. गार. मग दुसरं बोटही भाजून घेतलं आणि चपला तिथंच टाकून पळाला.

बऱ्याच वेळानं आनंदीबाईंनी सुनेचं पान वाढलं. पदरानं त्यांनी घाम पुसला, तसं त्यांचं रुपयाएवढं कुंकू निघालं. स्वतःच्या कपाळावरून त्या बोटं फिरवत राहिल्या.

"न्हाई..." त्या पुटपुटल्या. "नवी नवरी हुते तवा मला बी डागलं हुतं. हितंच. आता... न्हाई."

कपाळ लहान मुलीसारखं कोवळं होतं. त्यांनी वैष्णवीच्या पानात आणखी एक भाकरी घातली. "खा गं बाय. पोटभर खा."

वैष्णवीनं मनातल्या मनात त्या पोरीला हात जोडले.

आतल्या खोलीत रणजित लिफ्टवाल्याशी फोनवर भांडत होता. मधेच त्यानं फोन ठेवला.

"आई..." आवाज अगदी बारीक होता. "माझ्या कपाळावर हे तापलेलं बोट कुणाचंय? इथं तर कुणीच नाही..."