साक्षीदार दात

रकाना १. अर्जदार
मथुरा केशव कुबल. वय अंदाजे ऐंशी. जन्मनोंद आढळली नाही.

दंतलेख प्रयोगशाळेच्या टेबलावर जयवंत कुबलने दोन बाटल्या ठेवल्या. एकीत त्याच्या आत्याची, मथुराची, दाढ होती. दुसरीत वडिलांची. वडील, सगुण कुबल, जाऊन सहा वर्षे झाली होती.

"मेलेल्या माणसाची दाढ कोण जपून ठेवतं?" डॉ. शमीम मुकादम यांनी विचारले.

"बाबांनीच ठेवली होती. म्हणायचे, वर गेल्यावर सामान कमी भरायला नको. आत्याने ती तांदळाच्या डब्यात लपवली होती. मी तिला न विचारता आणली. जुनी माणसं, चिडतात."

रकाना २. अर्जाचे कारण
(इथे दोन ओळी पुरत नाहीत.)

समुद्राने त्यांचे गाव, खारेबांद, घेतले. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, वसाहत झाली, कारण गोडे पाणी तिथेच उरले होते. कायदा सरळ होता : ज्याची जन्मनोंद खारेबांदच्या जुन्या वहीत सापडेल, तो, त्याचे वंशज आणि त्यांचे जोडीदार सड्यावर राहतील. बाकीचे घाटावरच्या छावणीत. वही चालू असताना जन्मून नोंद राहिली असेल, तर जन्माची जागा दातावरून सिद्ध करता येई.

जयवंतच्या जन्माआधीच वही बंद झाली होती, पण तीत सगुणची नोंद होती. म्हणून जयवंत, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घर मिळाले. आई लवकर गेल्यावर जयवंतला जिने वाढवले, त्या मथुराआतेची नोंद नव्हती. तिच्या नावाने छावणीची नोटीस आली होती. मुदत बारा दिवस.

दोन वर्षे त्याने तहसीलची दप्तरे, शाळेचा दाखला, देवस्थानच्या वह्या चाळल्या होत्या. सगळीकडे सगुण. मथुरा कुठेच नाही.

रकाना ३. पद्धत
"पहिली दाढ आईच्या पोटातच घडायला लागते," डॉ. मुकादम म्हणाल्या. "जन्माच्या धक्क्याने तिच्यात एक काळी रेघ उमटते. आम्ही तिला जन्मरेषा म्हणतो. त्यानंतर रोज एक बारीक पट्टा चढतो. झाडाची वर्षं मोजतात, तसे आम्ही बाळाचे दिवस मोजतो."

"पण जागा कशी कळणार?"

उत्तर भूगर्भतज्ज्ञ अनंत धुरींनी दिले. "पाण्यातून. प्रत्येक खडकाची आपली एक खूण असते. ती विहिरीत उतरते, विहिरीतून पोटात, पोटातून दातात. रेषेच्या आत आईच्या गावची खूण, बाहेर बाळाच्या. घाटावरचा काळा कातळ वेगळा, आपला इकडचा खडक वेगळा."

"मग रक्त का नाही तपासत?"

"रक्त नातं सांगेल. कायदा जागा विचारतो."

"आणि वडिलांची दाढ कशाला?"

"गाव पाण्याखाली आहे," डॉ. मुकादम म्हणाल्या. "तिथली खूण कशी होती ते कुणाच्या तरी दातावरून ठरवावं लागतं. ज्याची नोंद आहे, अशाच्या. तो साक्षीदार दात."

रकाना ४. तुलना
जुळत नाही.

"म्हणजे आत्या खारेबांदची नाही?" जयवंतने विचारले.

"दोन दात एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच. अशा वेळी नियम नोंद असलेल्याच्या बाजूने जातो."

"ती मुंबईसुद्धा दोनदाच गेलीय. त्यातही एकदा वाटेतून परत आली, तिथे मासे महाग झाले असतील म्हणून." तो हसला नाही. "तुमचं यंत्र चुकलंय. दुसरी काहीतरी खूण शोधा. विहिरीचा दगड आणा."

धुरींनी डॉक्टरांकडे पाहिले. "पाणबुडे जाऊ शकतील. पण मग आपण साक्षीदारही तपासू. ते कळतंय ना?"

"तपासा की."

"लेखी द्या."

त्याने लेखी दिले.

रकाना ५. फेरतपासणी
पाणबुड्यांनी गावविहिरीच्या काठाचा चिरा वर आणला. मथुराची दाढ त्याच्याशी रेषेच्या आतून जुळली, बाहेरूनही जुळली.

सगुणची दाढ आतून घाटावरची होती. रेषेनंतरचे तीनशे एकतीस पट्टे घाटावरचेच. तीनशे बत्तिसाव्या पट्ट्यापासून खारेबांद.

रकाना ६. अर्जदाराचे म्हणणे
मथुराला गाडी पाठवून बोलावले. निकाल ऐकल्यावर तिने पुतण्याला एवढेच विचारले, "डब्यातली दाढ घेतलंस?"

"घेतलंय, आते."

ती धुरींकडे पाहून बोलली, कारण ते तिच्या बोलीतले होते.

"आवशीची, माझ्या आयेची, तीन पोरां गेली. तिनांचीय नावां कोतवालान वहीत लिवलेली. मरण वही वाचून येता, असा तिच्या मनान घेतल्यान. दुष्काळात घाटावरची एक बाई रस्त्यार खडी फोडूक इली नि थंयच मेली. तिचो झील, वर्साच्या आतलो पोरगो, आवशीन घरात घेतल्यान. मगे मी झालंय. कोतवाल महिन्यान एकदा येय, अंगणातसूनच इचारी. काय झाला? आवशीन सांगल्यान, झील झालो. नाव सगुण. माका आत ठेवल्यान, तेचा नाव फुडे केल्यान. मरण इलाच तर तेका न्हेवंदे, असा."

"बाबांना हे ठाऊक होतं?" जयवंतने विचारले.

"आवशीन मरताना माका सांगल्यान. मी तेका खंयच्या तोंडान सांगतलंय?"

डॉ. मुकादम यांनी जुनी वही पडद्यावर आणली. 'मुलगा, सगुण'. पुढे तारीख. ती तारीख मथुराच्या जन्माची होती. जयवंत दोन वर्षे जी नोंद शोधत होता, ती त्याने पहिल्याच दिवशी पाहिली होती.

रकाना ७. आदेश
मथुरा केशव कुबल : पात्र. सगुण केशव कुबल : नोंद रद्द. वंशज व जोडीदार, एकूण तीन : छावणी.

"माझी मुलगी सड्यावर जन्मली," जयवंत म्हणाला. "तिची दाढ बघा."

"जुळेल," डॉ. मुकादम म्हणाल्या. "पण कायदा तिला तिच्या आजोबांची नोंद विचारतो."

"माझो अर्ज मागे घ्या," मथुरा म्हणाली.

"अर्ज मागे घेता येतो, आते," धुरी म्हणाले. "निकाल नाही. यंत्राने तो तपासणीच्या क्षणीच कचेरीत पाठवला."

"मगे मी ह्यांच्यावांगडा जातलंय. तीन जाग्यात चार मावतले. चेडवाक, नातीक, माझ्याकडेच झोप येता."

डॉ. मुकादम यांनी चष्मा काढला.

"छावणी नोंद नसलेल्यांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तिथे घेणार नाहीत."

मथुरा जयवंतकडे वळली आणि छावणीची गाडी किती वाजता सुटते ते तिने विचारले. त्याने सांगितले. "मगे चेडवाक पयला काय तरी खावक घाल," ती म्हणाली, "उपाशी आसला की घाटात तेका उलटी होता."