सीमावर्ष

पडद्यावर आकडा उमटला आणि हेमांगी पेठेला वाटले, आपलेच यंत्र चुकले.

"एकोणीस वर्षांपूर्वी?" मनोविकारतज्ज्ञ डॉ. लोबो पुढे झुकल्या. "जयवंतचे हातपाय वेडेवाकडे हलायला लागून सहाच वर्षं झाली ना?"

"हंटिंग्टनचा रोग आधी मनात शिरतो, शरीरात नंतर. तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

"हो, पण इतका आधी?"

हेमांगीने नवऱ्याच्या जुन्या चित्रफिती यंत्राला पुन्हा दाखवल्या. सीमावर्ष, म्हणजे रोग मनात शिरल्याचे वर्ष, तेच आले. त्या वर्षापासून रोगाने जयवंतच्या मनात जे जे उठवले, ते सारे मेंदूत बसवायची 'शमनी' ही चकती दाबून टाकणार होती. आठवणींना धक्का लागणार नव्हता.

"घाई नको करूस," लोबो म्हणाल्या.

पण गेल्याच आठवड्यात, जेवणात विष कालवतेस म्हणून, जयवंतने पोटच्या पोरीचे मनगट पिरगाळले होते. हेमांगीने सही केली. वर्षांची वजाबाकी करायचे तिला सुचलेच नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ती खोलीत शिरली, तेव्हा जयवंत खिडकीशी शांत बसला होता. तिला पाहून तो उठला.

"या. बसा ना तुम्ही."

"तुम्ही काय? ओळखलं नाहीस मला?"

"ओळखलं तर! दाभोळच्या धक्क्यावर भेटलो आपण. चौथ्या दिवशी मी लग्नाचं विचारलं. घरच्यांशी भांडून महिन्याभरात लग्न केलं. सतरा वर्षं झाली. सगळं आठवतं." त्याच्या कपाळावर आठी पडली. "फक्त मी असं का केलं, ते उमगत नाही. चार दिवसांच्या ओळखीवर माणूस इतका झपाटतो?"

हेमांगीने आता वजाबाकी केली. सतरा. आणि सीमा एकोणिसावर. संशय रोगाचा होता, राग रोगाचा होता, आणि ते झपाटणेही.

तिच्या हातातल्या शमनीच्या नियंत्रकाकडे जयवंतची नजर गेली.

"तुम्हांला तो पूर्वीचा जयवंत हवा असेल, तर हे बंद करा," तो मऊपणे म्हणाला. "माझी हरकत नाही. त्याचा तुमच्यावर फार जीव होता."

इतक्या समजूतदारपणे तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. हेमांगीचा अंगठा बटणावर टेकला, थांबला. मग तिने नियंत्रक पर्समध्ये टाकला आणि दार उघडून मनवाला हाक मारली.

मुलगी बिचकत आत आली. जयवंतने बाजूला सरकून तिला जागा करून दिली आणि शेजाऱ्यांच्या लेकीला विचारावे तसे आपुलकीने विचारले, "जेवलीस का, बाळ?"

मनवाचा चेहरा उजळला.

"आई," ती कुजबुजली, "बाबा बरे झाले!"