बन्सीचा वाकडा सूर

परीक्षकसाहेब, त्याचा माईक तुम्हीच बंद केलात.

पुण्यात, स्पर्धेच्या भरल्या हॉलमध्ये, तिसऱ्या मिनिटाला. बोट वर केलंत, साउंडवाल्याला खूण केलीत आणि कागदावर लिहिलंत, 'ताल सुटतो, सूर वाकडा, हे संगीत नव्हे.' तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, तेवढं बास.

पण खोटं का बोलू? तुमच्या आधी त्याला मी नापास केलं होतं. तुम्ही मस्तीत केलंत, मी प्रेमात. नुकसान दोघांनी सारखंच केलं. म्हणून सगळं सांगते.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत पंख्याच्या मोटारी तपासते. कानानं. मोटार चालू करायची, कान लावायचा, घरघर आली की लाल टॅग बांधायचा. दिवसाला सहाशे मोटारी. सुट्टीच्या दिवशी हात थांबतात, कान थांबत नाहीत. त्या रविवारी शिरूरहून दौंडला निघाले होते, सुवर्णाकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं. वडापच्या जीपमध्ये अकरा माणसं कोंबलेली. बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर. आणि मला चिकटून, मांडीवर गिटारची काळी पिशवी घेतलेला एक सावळा, लांब बोटांचा मुलगा.

न्हावरे गाव सोडलं आणि इंजिन किंचाळायला लागलं.

"मामा, थांबवा गाडी. बेअरिंग गेलंय," मी ड्रायव्हरला म्हणाले.

"आजून न्हाई गेलं," शेजारचा म्हणाला. डोळे मिटलेले. "जाऊ द्या जरा. लई भारी सूर लागलाय."

"सूर?"

"ऐका की. वर चढतोय, पण पोचत न्हाई... मधीच लोंबकळतोय."

"तुम्ही पण लोंबकळाल मग. गाडी जळंल."

पुढच्या वळणावर गाडी बंद पडली. मी त्याच्याकडं रागानं बघितलं. तो हसला. असा हसला, जसं काही बेअरिंग त्यानंच माझ्यासाठी घालवलं होतं.

रस्त्याकडेला गुऱ्हाळ होतं. सगळे पत्र्याखाली पळाले. मला जागा मिळाली, त्याला नाही.

"हिला जरा धरा," त्यानं गिटार माझ्या हातात दिली. "मी भिजलो तर वाळंल. ही न्हाई वाळत."

आणि हा शहाणा पावसात उभा. केसांतून पाणी, काकवीचा गोड वास, आणि माझ्या कुशीत त्याची गिटार.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"बन्सी."

"बन्सी? आन् वाजवता गिटार?"

"आज्याचं नाव हाय. तुमचं?"

"नकुशी."

हे नाव सांगितलं की लोक एक तर गप्प होतात, नाही तर 'अरेरे' म्हणतात. तीन पोरींवर चौथी झाली की आमच्याकडं देवाला बजावायला ठेवतात ते नाव. तो गप्प झाला नाही.

"कुणाला नको?"

"घरच्यांना."

"मग त्यांचं टेस्टिंग चुकलंय," तो म्हणाला.

मी अजून सांगितलं पण नव्हतं, की माझं काम टेस्टिंगचं आहे. मी गिटार जरा जास्तच घट्ट धरली.

पाऊस थांबल्यावर तो गुळाच्या ढेपांशेजारी बसून वाजवायला लागला. तार बोटानं ओढायचा आणि सूर चालता चालता वाकायचा, जसं माणूस बोलता बोलता गहिवरतं. मग एकदम सगळं सुटायचं. ताल इकडं, बोटं तिकडं. मला वाटायचं, गेला, पडला. आणि हा भलत्याच वाटेनं परत यायचा.

"हे काय हाय?"

"पहिलं ब्लूज. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. दुखतं तिथं सूर वाकवायचा."

"आन् मधी जे बिघडलं ते?"

"बिघडलं न्हाई बाई! फ्री जॅझ म्हणत्यात त्याला. ठेक्याचा हात सोडायचा. पण पडायचं न्हाई."

"शिकवलं कुणी?"

"दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधी एक रिटायर गार्ड व्हता. त्यानं पहिले तीन कॉर्ड दाखवले आन् वारला. बाकीचं मोबाइलनं आन् इंजिनांनी."

त्यानंतर माझी बहिणीवरची माया एकदम वाढली. दर रविवारी दौंड. सुवर्णा म्हणायची, "माझ्याकडं येतीस का चहा प्यायला येतीस? बसत तर न्हाईस." बन्सी बापूसाहेबांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, हळदी, वराती, वाढदिवस. तिथं वाजवायचं ते सरळ, नाचता येईल असं. जरा सूर वाकवला की बापूसाहेब माईकवरूनच ओरडायचे, "बन्स्या, शुद्धीवर ये!" स्वतःचं तो मोबाइलवर टाकायचा. एक व्हिडिओ एक्केचाळीस वेळा बघितला गेला होता. त्यातल्या अकरा वेळा मीच.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलं नाही. पण तोंडानं कुणीच काही बोललं नव्हतं. मला बोलताच येत नाही ते. सहाशे मोटारींत दिवसभर दोष शोधणाऱ्या बाईला कौतुक करायची सवय कुठून असणार?

स्पर्धेच्या आदल्या रविवारी त्यानं मला सगळं वाजवून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरले. ते लपवायला मी पर्समधून लाल टॅग काढला, त्यावर लिहिलं, 'दोष : आवाज फार', आणि गिटारीच्या मानेला बांधून टाकला.

"रिजेक्ट!" मी म्हणाले.

तो हसला. मला वाटलं, हसला.

पुढं तुम्ही माईक बंद केलात.

तीन आठवडे फोन नाही. केला तर "कामात हाय" म्हणायचा. मग माझ्या चुलतबहिणीची, शितलची हळद आली. शिरूरला, दारात मांडव. ऑर्केस्ट्रा बापूसाहेबांचा.

बन्सी वाजवत होता. भांग पाडलेला, शर्ट इस्त्रीचा, आणि सूर... त्याहून इस्त्रीचा. एक सूर वाकत नव्हता. एक ठेका सुटत नव्हता. बाया नाचत होत्या. माझा बाप, जो कुणाचं चांगलं म्हणत नाही, मान हलवत म्हणाला, "हे पोरगं वळणाचं दिसतंय."

मी कान लावला, घरघर कुठंच नव्हती.

जेवणाची सुट्टी झाल्यावर मी मांडवाच्या मागं गेले. बन्सी तिथंच होता, शेजारी ठेक्याचं पॅड वाजवणारा पोपट पत्रावळी घेऊन बसला होता. त्यानं मला बघितलं आणि बन्सीला न जुमानता बोलून टाकलं.

"ताई, ह्याला काय तर सांगा. पुण्यात एक जागा हाय, साठ माणसं गप बसून ऐकत्यात. त्यांनी शनिवारी बोलावलंय ह्याला. एकट्याला, तासभर, ह्याचं सवताचं. आज कळवायचंय. आन् हा बापूसाहेबांना शनिवारच्या वरातीचा शब्द देतोय."

"पोपट्या, भात खा," बन्सी म्हणाला.

"का जात न्हाईस?" मी विचारलं.

"तीन मिन्टात बंद करत्यात मला. कशाला जाऊ?"

"ते एक येडं व्हतं."

"आन् तू?"

त्यानं गिटारीची पिशवी उघडली. आतल्या खिशातून माझा लाल टॅग काढला. घडी नीट घातलेली.

"तुझा कान खोटा न्हाई, नकुशे. तू म्हणालीस आवाज फार हाय. काढला सगळा. आज बघ, एक तरी दोष सापडतोय का? तुझ्या आप्पांना पण आवडलं."

मला रडू यावं की त्याला मारावं, कळेना.

"येड्या, आमच्या लाइनीवर ओके पीसचं काय हुतं, माहीत हाय का? पट्ट्यावरनं निघून जातो. बॉक्समधी जातो, कुणाच्या तरी घरी जातो, परत दिसत न्हाई. लाल टॅगचा तेवढा माझ्या टेबलावर ऱ्हातो... माझ्यापाशी."

त्यानं टॅग परत उलगडून बघितला.

"आन् आज वाजवलंस त्याचं सांगू? ज्या मोटारीचा काहीच आवाज येत न्हाई ना, ती चांगली नसती. ती बंद असती."

पोपटचा घास हातातच राहिला.

बन्सी उठला. गिटार घेऊन सरळ मांडवात गेला. बापूसाहेब जिलबी खात होते, तोवर यानं वायर जोडलीसुद्धा. पहिलीच तार त्यानं अशी ओढली, की वाढपी थांबले. सूर वाकला, लोंबकळला, सुटला. मागून पोपट धावत येऊन पॅडवर बसला, पण ठेका कुठं धरावा त्याला कळेना. मग त्यानंही सोडून दिला. भर उन्हात, हळदीच्या वासात, दोघं कुठं निघाले होते कुणाला ठाऊक.

"गिटारीला कुणी मारलं का काय?" ताईबाई म्हणाली. शितलच्या आईची आई, ऐंशीच्या पुढची.

"बन्स्या, शुद्धीवर ये!" बापूसाहेब जिलबीसकट उठले.

"बसा ओ तुम्ही," ताईबाईनं त्यांना हातानंच खाली बसवलं. "पोरगी सासरी चालली. नाच झाला मघाशी. आता कुणीतरी रडायला पायजेच की."

शितलच्या पिवळ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. नाचणारं कुणी नव्हतं. उठून गेलेलं पण कुणी नव्हतं... चारदोन पोरं सोडली तर.

शेवटचा सूर विरला. टाळ्या पडल्या नाहीत. आप्पा माझ्याकडं आणि बन्सीकडं आळीपाळीनं बघत होते.

"ह्याला काय झालं मधीच?" आप्पांनी मला विचारलं. "मघाशी तर बरा व्हता."

"आत्ता बरा झालाय," मी म्हणाले.

आणि चालत गेले. सगळ्यांच्या देखत, माईक चालू आहे हे माहीत असताना. बन्सीच्या कपाळावर घाम, डोळ्यात तीच गुऱ्हाळाजवळची चमक. त्यानं हळूच एक सूर छेडला, वर चढणारा.

"तसं न्हाई," मी म्हणाले. "तोंडानं. शनिवारी पुण्याला जायचंस, मी संगं येणार हाय. आन् नंतर पण संगंच ऱ्हाणार हाय. घरच्यांची समजूत मी घालीन, न्हाई पटली तर तशीच येईन. मला आता परत कुणाच्या 'नको'त जायचं न्हाई, बन्सी. गिटार खाली ठेव आन् ह्या माईकवर सांग... मी तुला हवी हाय का न्हाई?"