अर्धा घासलेला सुरा

विजयसिंहदादानं तो सुरा अर्धाच का घासला? बंडूनं हे आईला विचारलं, वैनीला विचारलं, दादाला तिरडीवर बांधताना सगळ्या भावकीसमोर ओरडून विचारलं. "गप, खांदा दे आधी," एवढंच कुणीतरी म्हणालं.

जुनी हत्यारं जमवणाऱ्या माणसानं हत्यार घासावं, हेच मुळात आक्रीत. पात्यावरचा काळा थर ही त्याची कातडी, ती सोलायची नसते, असं दादा सगळ्यांना बजावायचा. शाहूवाडीकडच्या एका घरातून त्यानं हा रुंद पात्याचा सुरा आणला आणि थोड्याच दिवसांत माडीवर बसल्या जागी गेला. अंगावर ओरखडा नव्हता. मांडीवर सुरा होता. टोकाकडचं निम्मं पातं लखलखीत, मुठीकडचं निम्मं काळंकुट्ट. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दादाचे दिवस घालून झाले आणि घरात सुरा सगळ्यांनाच नकोसा झाला. तिन्हीसांजेला माडीवरून ओल्या लोखंडाचा वास जिन्यानं खाली उतरायचा. दादाची लहानगी अवनी जेवता जेवता जिन्याकडं बघत थांबायची. म्हणून आज सांगलीचे दत्तप्रसाद नावाचे एक संग्राहक येऊन सुरा विकत नेणार होते.

"पावणं, एक ध्यानात ठेवा," ते फोनवर म्हणाले होते. "आहे तसाच द्या. आणखी घासला तर माझ्या उपयोगाचा नाही."

आईचं वेगळंच. "घरातनं हत्यार निघतंय तर धुऊन, कुंकू लावून निघू दे. पारोसं न्हाय द्यायचं कुणाला."

"आत्याबाई, त्यांचा हात लागलाय त्याला," क्रांतीवैनी सासूला खालच्या आवाजात म्हणाली. "ऱ्हाऊ दे की तसंच."

बंडू सातवीतून शाळा सोडून फौंड्रीत लागलेला. खडबडीत ओतकाम घासून चकाचक करायचं, हेच त्याचं पोट. दादानं आयुष्यात काम अर्धवट टाकलं नव्हतं. त्याच्या नावावर हे एक राहिलेलं बंडूला बघवेना. पॉलिश पेपर खिशात कोंबून तो जिन्याकडं निघाला.

"भावजी, पावणं नको म्हंटल्यात न्हवं?"

"पावण्याच्या भावाचं काम ऱ्हायलंय व्हय? माझ्या भावाचं ऱ्हायलंय!"

दुरुस्तीसाठी मंगळवार पेठेतली लाईट घालवली होती. माडीवर खिडकीतून मावळतीचा पिवळट उजेड तेवढा येत होता. बंडू दाराकडं पाठ करून बसला. अवनी गपचूप मागोमाग आली आणि उंबऱ्यावर टेकली.

खर्र... खर्र... खर्र...

काळा भुगा मांडीवर सांडू लागला. वास नाकात चढला. थोड्या वेळानं त्यानं फडक्यानं पातं पुसून उजेडाला धरलं. त्यात मागचं दार दिसलं. अवनी दिसली. आणि अवनीच्या मागं दोन अनवाणी पाय. ओले. निथळत असलेले.

बंडूनं वळून बघितलं. एकटी अवनी वेणीच्या टोकाशी खेळत होती. फरशी कोरडी होती.

त्यानं पुन्हा पात्यात बघितलं. त्या ओल्या पायांच्या मागं आणखी दोन पाय होते. उजव्याचा अंगठा वाकडा. मर्दानी खेळात लाठी बसून मोडलेला तो अंगठा बंडूनं लहानपणी स्वतःच्या हातानं शेकला होता.

"दादा..."

मग त्याला थांबवणार कोण? दात-ओठ खाऊन तो घासू लागला. पातं उजळेल तसतसं मागचं वर वर उजळत गेलं. गुडघे. पाणी गळणारं मळकट धोतर. ते दादाचं नव्हतं, पुढच्या माणसाचं होतं. आणि त्या माणसाच्या कमरेला मागून दोन हातांची मिठी होती. दादाच्या हातांची. नखं पांढरी पडलेली. मिठी सुटत चालली होती. पुढच्या माणसाचा एक हात लांब होत होत अवनीकडं आला होता.

"काका," अवनी म्हणाली, "माझी येणी कोण वडतंय?"

दादा अर्ध्यावर का थांबला, ते बंडूला उमगलं. त्यानं पातं झटक्यात भिंतीकडं वळवलं.

"सोडलं," ती म्हणाली.

त्यानं घाईघाईनं सुरा फडक्यात गुंडाळला. तोच अवनी किंचाळली. तिची वेणी ताठ होऊन दाराबाहेर ओढली जात होती. पात्यात कुणी नसलं की तो मोकळा सुटत होता. बंडूनं फडकं टराटरा फाडलं आणि पातं आपल्या तोंडासमोर धरलं. वेणी खाली पडली. त्याच क्षणी त्याच्या मानेवरून गार पाण्याचा एक ओघळ पाठीत उतरला.

"वैनी! वैनी, वर ये! पोरीला उचल!"

क्रांती धापा टाकत वर आली. त्याच्याकडं बघून जागीच थबकली.

"भावजी, काय झालं ओ... मानेवर ह्ये काय..."

"बघू नगंस. आईला घे, पोरीला घे, आन् घर सोड. ह्या माडीच्या दाराला भायेरनं कडी घाल."

"आन् तुमी?"

"मी हाय की हितं. जा म्हंटलं न्हवं!"

कडी पडली. पावलं धडधडत जिना उतरली. खोलीत आता अंधार भरू लागला होता. पात्यात बंडूचं तोंड होतं आणि खांद्यामागं ते धोतर. दादाची बोटं एकेक करून सुटत होती.

"दादा," बंडू हळूच म्हणाला, "सोड आता. दमलास तू... मी धरलाय त्येला."

पात्यातली मिठी सुटली. वाकड्या अंगठ्याचे पाय मागं फिरले, दाराकडं गेले आणि दिसेनासे झाले. दार उघडलं नाही. कडी वाजली नाही.

मग खालून वैनीचा आवाज आला. अगदी बारीक, दादाशी बोलायची तसा. "आवो... तुमी कवा आलासा?"

आईच्या हातातून काहीतरी पडलं. अवनीचं रडणं एकदम थांबलं.

खाली धावत जावं असं बंडूच्या पायांना फार वाटलं. पण मानेवरची पकड हाडापर्यंत गार झाली होती, आणि पात्याची धार त्याच्या बोटांत रुतत होती. त्यानं पातं तोंडासमोरून हलू दिलं नाही.