चौथ्या कोपऱ्यातली पाचर

माझा नवरा सुतार आहे. हात सोन्याचा, पण डोकं कुठे असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो टेप वापरत नाही. प्रत्येक कामाची एक काठी करतो, तिच्यावर पेन्सिलीने मापाची खूण, आणि काठी दाराआड उभी. त्याच दाराआड आमच्या मुलीचीही काठी असायची. दर महिन्याला तिला काठीला टेकवून उभी करायची, डोक्यावर पट्टी धरायची, खूण करायची. इतकी भराभर वाढत होती, की बाप तिला शिडीच म्हणायचा.

उन्हाळ्यात एका नर्सबाईंनी पांघरुणांसाठी पेटी सांगितली. खिळा दिसायला नको, कोपरे तिरपे कापून जोडा म्हणाल्या. असल्या पेटीचे तीन कोपरे नीट बसतात आणि चौथा हमखास तोंड उघडून राहतो. या वेळी मात्र चारही असे मिटले, की मधून केस जाईना. सरस लावून दोरी आवळताना दुसरं टोक मीच धरलं होतं. ते आठवलं की अजून हात तोडून टाकावेसे वाटतात.

नर्सबाई आल्या, पेटी पाहिली. "ही तर आखूड झाली," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी दाराआड पाहिलं. त्यांची काठी तिथेच होती. शिडीची काठी कामाच्या टेबलावर पडली होती, वरच्या खुणेवर सरस वाळलेला.

"पोरीच्या मापाची पेटी केलीत?"

"अगं, लाकडाला काय कळतंय, कुणाचं माप ते. वापर घरात."

राग गिळला. पेटीत पांघरुणं भरली, झाकणावर माझं शिलाई मशीन ठेवलं.

पुढच्या महिन्यात खूण जुन्या खुणेवरच पडली. त्याच्या पुढच्याही. चार महिने. शाळेतल्या तिच्याच वयाच्या मुली तिच्या डोक्यावरून फळा बघायला लागल्या.

"थांबते कधी कधी वाढ," हा म्हणाला.

"तुमच्या डोक्याची थांबली तशी का?"

एका दुपारी हा कामावर गेलेला. मी मशीन खाली उतरवलं, हातोडी घेतली आणि सगळा राग एकवटून कोपऱ्यावर घाव घातला. लाकूड हललं नाही. बाहेरच्या खोलीतून पोर म्हणाली, "आई... खांद्यावर कुणी मारलं गं?"

तिथे ती एकटीच चित्र काढत बसली होती. फ्रॉक सरकवून पाहिलं. वळ उठला होता, हातोडीच्या तोंडाएवढा गोल.

संध्याकाळी त्याला वळ दाखवला.

"आता बोला ना. लाकडाला काय कळतंय म्हणा."

त्याने खाली मान घालून एक बारीक पाचर तासून दिली. ती मी चौथ्या कोपऱ्याच्या सांध्यात तळहाताने दाबत गेले, हळूहळू, पोरीच्या तोंडाकडे बघत. कट्ट... सांधा जरासा उघडला. तिला काही दुखलं नाही. त्या महिन्यात खूण एक सूत वर गेली.

तेव्हापासून हेच चाललंय. रोज सकाळी पाचर जमिनीवर, कोपरा मिटलेला. रोज मी शिव्या देत ती परत घालते. कुणाला देते ते मला माहीत नाही. नवरा समोर असला तर त्याच्या वाट्याला जातात.

काल रात्री पोरीची वेणी मुठीत धरून झोपले. सकाळीही ती मुठीतच होती. मशीन झाकणावर होतं, त्यावर तिचा नवा, एक बोट लांब धरलेला फ्रॉक सुईखाली तसाच. पाचर खाली पडलेली.

उचलून उजेडात धरली. जे टोक पेटीच्या आत असतं, त्यावर दातांचे व्रण होते. बारीक, लहान मुलाचे. मध्ये दोन दातांची जागा मोकळी.

शिडीचे पुढचे दोन दात परवाच पडलेत.